देह आणि आत्मा यांची लढाई: राग येतो म्हणजे आत्मा नाहीच का?

सोयाबीन_आणि_सुवार्ता

सलाम सगळ्यांना. वाशिम जिल्ह्यातल्या खेड्यातून लिहून राहिलो, इथं नेट येते-जाते त्यामुळे उत्तराला उशीर झाला तर समजून घ्या.

मागच्या आठवड्यात आमच्या इथं कॉटेज प्रेयर (घरातली प्रार्थनासभा) झाली, बाहेरगावचे एक सेवक म्हणजे उपदेशक आले होते, वचन होतं बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्रातलं, गलतीकरांस ५, देह आणि आत्मा यांची लढाई. आता संदेशातला अर्ध्याहून जास्त वेळ खर्रा (तंबाखू-सुपारीचा), दारू, मोबाईल आणि पोरींचे कपडे याच्यावरच गेला, तेही ठीक आहे म्हणा, पण शेवटी त्यांनी असं सांगितलं की ज्याच्या आत अजून लढाई चालू आहे त्याच्यात पवित्र आत्मा आलेलाच नाही, आत्मा आला की देह मरते, विषय संपला. मग ज्यांची लढाई संपली त्यांना हात वर करायला लावले. बऱ्याच लोकांनी केले. माझ्या आजीने नाही केला. घरी येताना म्हणते, "लढाई तं मरेपर्यंत रायते बापू, मेल्यालेच काय ते नसते."

मला खर्रा-दारूचं काही नाही. माझं दुसरंच आहे. चुलतभावाशी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, वाजलेलं आहे, दरवर्षी वखरताना धुरा थोडा थोडा कोरत त्याने आमच्या वावरात आणला, म्हटलं मोजणी करू तर मोजणीलाही तयार नाही, आणि रविवारी मंडळीत (चर्चमध्ये) तो बरोबर माझ्या पुढच्या ओळीत बसतो. त्याचं डोकं दिसलं की माझी प्रार्थना तिथंच संपते. म्हणजे मग माझ्यात आत्मा नाहीच असं समजायचं का?

आणि देह म्हणजे हे हाडामासाचं शरीरच का? उपास करून करून त्याला मारायचं असं आहे का? आणि पौल स्वतः रोमकरांस ७ मध्ये म्हणते की जे चांगलं करावं वाटते ते माझ्या हातून होत नाही आणि जे नको तेच होते, मग पौलात पण आत्मा नव्हता का त्या वेळेस? कोणी नीट समजावून सांगा, फक्त "प्रार्थना करा भाऊ" असं लिहू नका, ते मी करतोच.

वऱ्हाडी_गडी

भाऊ पयले तं हे सांग, त्या सेवकानं यादी पूरी वाचली का मधातूनच सोडली? ५:१९ ते २१ काढ न् बोटावर मोज. जारकर्म, अशुद्धपणा, कामातुरपणा, हे झाले तीन. मूर्तिपूजा न् चेटके, पाच. आता पुढचं पाय: वैर, कलह, मत्सर, राग, तट, फुटी, पक्षभेद, हेवा. आठ झाले ना बाप्पा! दारूबाजी न् रंगेलपणा शेवटी येते, दोनच. म्हंजे पंधरातले आठ निरा भांडनाचे. न् आपल्याकडचे संदेश कशावर असते, तं त्या वरच्या तीनावर न् खालच्या दोनावर. मधातले आठ कोनीच वाचत नाई कारन ते वाचले तं मंडळीच्या पंचकमिटीले उठून जा लागन.

आमच्या मंडळीत मागं पंच निवडाच्या वेळेस दोन तट पडले, एका घरातले दोन भाऊ दोन बाजूले, ख्रिसमसचं जेवन बी वेगवेगळं झालं. कोनी दारू प्यालं नोतं राजेहो. सगळे शुद्धीवर होते.

तुह्या रागाचं सांगतो तं तो देहस्वभावच आहे, त्यात काई लपवाचं नाई. पन लढाई चालू आहे म्हनून आत्मा नाई हे मले पटत नाई. जिथं आत्मा नाई तिथं लढाई कोनाची कोनाशी होईन? मानूस आरामात वैर करते, झोप बी चांगली लागते त्याले.

निवृत्त_मास्तर_यवतमाळ

वऱ्हाडी गडीने मुद्द्यावरच बोट ठेवलं. मी थोडं मागचं-पुढचं सांगतो, लांब होईल, चहा घेऊन बसा.

गलतीया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला भाग, पत्र साधारण इ.स. ५० च्या आगंमागं लिहिलेलं. तिथल्या मंडळ्यांमध्ये वाद काय होता, तर यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करून घ्यावी की नाही, मोशेचं नियमशास्त्र पाळावं की नाही. बाहेरून आलेले काही शिक्षक म्हणत होते नुसता विश्वास पुरेसा नाही, सुंता पाहिजे. त्यावरून मंडळी इतकी फाटली की पौल ५:१५ मध्ये लिहितो, तुम्ही एकमेकांना चावून खाऊन राहिले, पाहा, एकमेकांच्या हातून संपून जाल. आणि याच्याच पुढच्या ओळीत, ५:१६ ला, आत्म्याच्या प्रेरणेने चाला आणि देहवासना पूर्ण करणार नाही हे वाक्य येतं. लोक काय करतात, १६ पासून वाचतात आणि १५ सोडून देतात, मग ते सगळं एकट्या माणसाच्या खोलीतलं, रात्रीच्या मोबाईलवालं वचन होऊन जातं. पौल मंडळीतल्या चावाचावीबद्दल बोलत होता. देह आणि आत्मा यांची लढाई त्याच्या डोळ्यापुढं दिसत होती ती माणसामाणसांत.

आता देह म्हणजे शरीर का. नाही. शरीरच वाईट असतं तर वचन देही झालं असं योहान १:१४ ला म्हटलंच नसतं. तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे हे १ करिंथ ६:१९ ला पौलच सांगतो, आणि शेवटी पुनरुत्थानही शरीराचंच होणार आहे, शरीर टाकून देऊन नुसता आत्मा उडून जाणार असं प्रेषितांनी कुठं शिकवलं नाही. शरीर वाईट, आत्मा चांगला असं म्हणणारे पंथ पहिल्या शतकांत होते आणि मंडळीने त्यांना खोटं शिक्षण म्हणूनच बाहेर ठेवलं. हेवा, तट, पक्षभेद ही कामं तर शरीर थकून खाटेवर पडलेला म्हातारा पण करू शकतो. मी पाहिले आहेत.

मग देहस्वभाव म्हणजे काय, तर देवावाचून, स्वतःच्या जोरावर, स्वतःभोवती फिरणारा माणूस, त्याचं शरीर, बुद्धी, धर्म सगळं धरून. हो, धर्म पण. गलती ३:३ वाचा, आत्म्याने सुरुवात केली आणि आता देहाने शेवट करता का असं तो विचारतो, आणि तिथं "देह" म्हणजे दारू नाही, सुंता आहे, म्हणजे धार्मिक काम! फिलिप्पै ३ मध्ये देहावर भरवसा ठेवायला मला कारणं आहेत म्हणून पौल यादी देतो: आठव्या दिवशी सुंता, बन्यामीन वंश, इब्र्यांचा इब्री, परूशी म्हणजे नियम कडक पाळणारा. कुळ, जात, शिस्त. आपल्याकडं "आमच्या पणज्याचा बाप्तिस्मा गोऱ्या साहेबाच्या हातचा, तुम्ही काल-परवा आलेले" असं बोलणारी घराणी आहेत ना, ते फिलिप्पै ३ आहे शुद्ध.

करिंथच्या लोकांकडं वरदानं होती, अन्य भाषा होत्या, सगळं होतं. तरी १ करिंथ ३:३ ला तो त्यांना दैहिक म्हणतो. पुरावा काय देतो? तुमच्यात हेवा आणि कलह आहे. एवढंच.

उपासाबद्दल. उपास करा, येशूने मत्तय ६ मध्ये उपास कसा करावा ते शिकवलंच आहे. पण उपासाने देहस्वभाव मरतो असं नाही. कलस्सै २:२३ ला सरळ आहे की शरीराला कष्ट देणं दिसायला ज्ञानाचं दिसतं, पण देहाच्या लालसेला आवरायला त्याची काही किंमत नाही. आणि यशया ५८ काढा, तिथं लोक उपास करतात आणि त्याच दिवशी भांडतात, बुक्क्या मारतात. चाळीस दिवसांच्या उपासकाळात आपल्याकडं किती घरांत सासू-सुनेचं तोंड वाकडं असतं ते मला सांगायला लावू नका.

विजयी_जीवन

मास्तर तुमचा मान आहे पण तुम्ही लोक विश्वासणाऱ्याचा विजय कमी करून राहिले असं वाटतं. गलती ५:२४ काय म्हणतं? जे ख्रिस्त येशूचे आहेत त्यांनी देहस्वभाव वधस्तंभावर खिळला आहे. झालेली गोष्ट. रोम ६:११, पापाला मेलेले असे स्वतःला माना. आणि रोम ७ चं म्हणाल तर तिथला माणूस पापाला विकलेला आहे, बंदिवान आहे, ७:१४ आणि ७:२३ वाचा. आता त्याच्या आधीच्याच अध्यायात, ६:१८ ला, पापापासून मुक्त झाला असं लिहिलंय. एकच माणूस मुक्त पण आणि विकलेला पण, असं कसं? शिवाय ७ व्या अध्यायाच्या त्या सगळ्या रडारडीत पवित्र आत्म्याचं नाव एकदाही नाही. ८ वा अध्याय लागला की वीसेक वेळा आत्मा. मग सरळ आहे की ७ हा तारण न झालेला, नियमशास्त्राखालचा माणूस आणि ८ हा आत्म्याने भरलेला. आपण ७ मध्ये घर बांधून राहायचं आणि म्हणायचं पौल पण असाच होता, ही पळवाट आहे दादा. माझ्या स्वतःच्या वडिलांची दारू एका रात्रीत सुटली, परत कधी हात नाही लावला. लढाई-बिढाई काही नाही.

सोयाबीन_आणि_सुवार्ता

वाचून राहिलो सगळं. गडीभाऊ, यादी मोजली, आठच आहेत, आजीला पण वाचून दाखवली, ती हसली फक्त.

विजयी भाऊंचा रोम ७ चा मुद्दा मला पण खरा वाटते. पण मग एक अडचण. तिथं तो ७:२२ ला म्हणते की अंतर्यामी मला देवाच्या नियमशास्त्राचा आनंद आहे. तारण न झालेल्या माणसाला देवाच्या नियमाचा आनंद कुठून आला? आणि एक प्रश्न, मोजणी आणणं हेच देहस्वभाव का? कारण एक पंच म्हणाले की विश्वासणाऱ्याने अन्याय सोसावा, १ करिंथ ६:७. सोसायला माझी ना नाही पण एका तासाचं (वखराच्या एका ओळीचं) वावर नाही गेलं, दरवर्षी जाऊन राहिलं.

निवृत्त_मास्तर_यवतमाळ

विजयी भाऊ, तुमचा मुद्दा हलका नाही, आणि तो तुम्ही एकट्याने काढलेला पण नाही. ऑरिजेन, ख्रिसोस्तोम अशा जुन्या ग्रीक गुरूंनी रोम ७ असाच वाचला, नियमाखालचा माणूस म्हणून. ऑगस्टीन पण आधी असाच वाचत होता. हा तोच उत्तर आफ्रिकेचा ऑगस्टीन, ज्याने लिहून ठेवलंय की इ.स. ३८६ मध्ये मिलानला त्याच्यात दोन इच्छा एकमेकींशी भांडत होत्या, जुनी आणि नवी, आणि गलती ५:१७ मला तिथं कळलं. पुढं पेलेगियसशी वाद झाला, तो म्हणत होता माणूस ठरवलं तर पाप न करता राहू शकतो, त्या वादात ऑगस्टीनचं मत बदललं आणि तो म्हणायला लागला की ७ मधला "मी" म्हणजे विश्वासणारा पौलच आहे. कारण तोच जो आमच्या सोयाबीनवाल्या पोराने आत्ता विचारला, देवाच्या नियमाचा आनंद कुठून आला. पोरा, तू ऑगस्टीनच्या रांगेत बसला आहेस. लूथर त्याच्याच मागून गेला, विश्वासणारा एकाच वेळी नीतिमान आणि पापी.

आता आपल्या भागाची गंमत ऐका, ही मला फार वर्षं कळली नव्हती, पुष्कळ लोकांचं असंच होतं. मिशनऱ्यांनी आपसात जिल्हे वाटून घेतले होते. नागपुरात १८४५ ला हिस्लॉप आले ते स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन. त्यांच्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्रात स्पष्ट आहे की विश्वासणाऱ्यात देह आणि आत्मा यांचं सततचं, समेट न होणारं युद्ध चालतं. वाशिम-बुलढाण्याकडं नाझरीन, आमच्या यवतमाळकडं फ्री मेथडिस्ट, हे दोन्ही मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या पवित्रीकरणाच्या शिकवणीतले, म्हणजे तारणानंतर आणखी एक काम देव करतो, मन पूर्ण शुद्ध करतो, याच जन्मात. अकोला-अमरावती-खामगावकडं अलायन्स मिशन, त्यांचं ख्रिस्त तारणारा, पवित्र करणारा, बरं करणारा आणि येणारा राजा. म्हणजे रोम ७ चा अर्थ काय हे तुम्ही कोणत्या तालुक्यात जन्मले त्यावर ठरतं! तुझी आजी बहुतेक नागपूरकडची असावी माहेरची. १९७० ला नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, पुष्कळ पंथ एकत्र आले, पण सगळे नाही, आणि नाव एक झालं म्हणून शिकवण एक झाली असं होत नाही.

पण वेस्लीच्या नावावर जे खपवलं जातं ते वेस्लीने सांगितलंच नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. १७६३ मध्ये त्याने एक संदेश छापला, विषयच होता विश्वासणाऱ्यांतलं पाप. त्या वेळेस झिंझेंडॉर्फ या मोरावियन पुढाऱ्याच्या लोकांत असं शिकवलं जात होतं की नवा जन्म झाला की आत पाप शिल्लकच नाही. वेस्लीने गलती ५:१७ घेऊनच ते खोडलं, म्हणाला पाप राहतं पण राज्य करत नाही. आणि पूर्ण पवित्रीकरण त्याने शिकवलं ते खरं, पण त्याचा अर्थ त्याने प्रीतीवर लावला, पूर्ण मनाने देवावर आणि शेजाऱ्यावर प्रीती, आणि असा माणूस पण चुकतो, त्याला मोह होतो असं लिहून ठेवलं. तो स्वतः त्या पायरीला पोचला असं त्याने कुठं ठासून सांगितलं नाही. तर ते सेवक जे बोलले ते नाझरीन नाही, वेस्ली नाही, ते वेस्लीने ज्यांना उत्तर दिलं त्यांचं आहे.

माझं स्वतःचं मत विचाराल तर रोम ७ मध्ये पौल मुळात माणसाची ओळखपत्रं तपासायला बसलेलाच नाही, तारण झालं की नाही झालं. त्याचा प्रश्न आहे नियम चांगला असून माणूस का बदलत नाही. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. कायदा वाईट आहे का? नाही, चांगल्यासाठीच केला. पण ज्याला प्यायची आहे त्याला कायदा आतून बदलू शकत नाही, उलट चोरून प्यायची वेगळीच ओढ लागते. ७:८ ला हेच आहे, आज्ञेने संधी साधून पापाने माझ्यात लोभ जागा केला. नियम सांगू शकतो, करवून घेऊ शकत नाही. आणि ८:२-४ ला उत्तर येतं, जे नियमाला जमलं नाही ते देवाने पुत्राला पाठवून केलं, आता आत्म्याने चालायचं. म्हणून विजयी भाऊ, ७ मध्ये घर बांधायचं नाही हे तुमचं मला पूर्ण मान्य. पण ८ मध्ये पण ८:१३ आहे ना, आत्म्याच्या द्वारे शरीराची कर्मे ठार मारत राहा. ८ मध्ये पण काम संपलेलं नाही, तिथं करणारा तू एकटा नाहीस एवढाच फरक, आणि तो फरक फार मोठा आहे.

मोजणीचं. १ करिंथ ६:७ पंचांनी तुला ऐकवलं पण ६:५ स्वतःला ऐकवलं का? तिथं पौल विचारतो की भावाभावांचा निवाडा करील असा एक पण शहाणा माणूस तुमच्यात नाही का? म्हणजे काम पंचांचं आहे. त्यांनी येऊन धुऱ्यावर उभं राहायला पाहिजे, दोघांना बोलवून. भूमी अभिलेखची मोजणी मागणं हे वैर नाही, खरं काय आहे ते कळण्याचा तो मार्ग आहे. मोजणी आल्यावर त्याला गावभर उघडं पाडायचं ठरवून ठेवलं असेल तर ते मात्र त्या आठातलं आहे. ते तुलाच माहीत.

मावशी_परतवाडा

आम्ही कॅथोलिक, तुमच्या या रोम सातच्या वादात मला पडायचं नाही पण त्या पोराला एक सांगायचं आहे. बाळा, आमच्याकडे शिकवतात की बाप्तिस्म्याने पाप धुतलं जातं पण वासना, म्हणजे पापाकडे झुकणं, ते राहतं. ट्रेंटच्या धर्मसभेत १५४६ ला हे ठरवून लिहिलंय, की ती वासना झगडण्यासाठी ठेवलेली आहे, तिला होकार दिला नाही तर ती अपाय करू शकत नाही, आणि ती स्वतः पाप नाही. लूथरवाले याला मानत नाहीत, ते वासनेलाच पाप म्हणतात, असू दे.

पण कामाचं काय आहे यात, तर चुलतभावाचं डोकं दिसलं आणि पोटात आग पडली, ते तू केलेलं नाही, ते आलं. आता त्या आगीला पाट मांडून बसवलं, रात्री झोपताना त्याला काय काय बोलायचं याची उजळणी केली, त्याच्या पिकावर रोग आला म्हणून बरं वाटलं, तिथं तुझा होकार लागला. कन्फेशनला बसलं की फादर नेमकं हेच विचारतात, आलं का, की ठेवून घेतलं? फार फरक आहे दोन्हीत. मी कित्येक वर्षं आलेल्या गोष्टीसाठीच रडत होते आणि ठेवून घेतलेल्या गोष्टीचं नावही घेत नव्हते, जावेबद्दलचं सगळं. इफिस ४:२६, रागवा पण पाप करू नका, सूर्य मावळायच्या आत सोडा. राग येऊच नये असं तिथं पण नाही म्हटलेलं.

आणि गेथसेमाने बागेत शिष्य झोपले तेव्हा प्रभू काय म्हणाला, आत्मा उत्सुक आहे पण देह अशक्त आहे. म्हणून त्यांना टाकून नाही दिलं त्याने. जागे राहा आणि प्रार्थना करा म्हणाला, आणि परत येऊन पाहिलं.

नर्स_ताई_वणी

विषय देहाचा आहे म्हणून बोलते, मी सरकारी दवाखान्यात आहे. खर्र्यावर संदेश देतात ते द्या, पण "आत्मा आला की सुटतो, नाही सुटला म्हणजे आत्मा नाही" असं सांगू नका हो, हात जोडते. खर्र्यात तंबाखू आहे, सुपारी आहे, चुना आहे. निकोटीनची सवय शरीराला लागलेली असते, सोडलं की पहिल्या आठवड्यात चिडचिड, डोकं दुखणं, झोप नाही, हात आपोआप खिशाकडे जातो. ते शरीर त्याच्या पद्धतीने मागून राहिलं, पौलाने जो देहस्वभाव म्हटला तो हाच असं मला वाटत नाही. मास्तरांनी वर सांगितलंच शरीर आणि देहस्वभाव एक नाही. माझ्याकडं येणारे मंडळीतले लोक सगळ्यात उशिरा येतात, लाजेमुळे, कारण साक्ष देऊन बसलेले असतात की सुटलं. तोंड उघडत नाही, तीन बोटं आत जात नाहीत, मिरची सहन होत नाही, तेव्हा येतात. सुपारीने तसं होतं, पुढं कॅन्सरची भीती.

विजयी भाऊंच्या बाबांची एका रात्रीत सुटली, देवाची स्तुती असो, असं होतं, मी पण पाहिलंय. आणि काहींची चार वेळा सोडून पाचव्यांदा सुटते, देव त्यातही असतो. रोज खूप पिणाऱ्याने तर दारू एकदम बंद करताना डॉक्टरला दाखवावंच, थरथर, झटके येऊ शकतात, जीवावर बेतते. तंबाखू सोडायला सरकारची फुकट फोनलाईन आहे, १८००-११-२३५६, खर्र्यासाठी पण चालते. इंद्रियदमन हे आत्म्याच्या फळात शेवटचं आहे ना, नऊवं. फळच आहे ते पण, प्रीती-आनंद-शांती सारखंच. एकट्याने दात-ओठ खाऊन करायची कसरत म्हणून ते सांगितलेलं नाही.

वऱ्हाडी_गडी

ताईनं लय मोठं काम केलं हे लिहून. मी मंडळीच्या ग्रुपवर टाकून रायलो, नंबरासकट.

एक राहून गेलं होतं, गलती ५ वाचलं का तिथंच थांबू नोका, ६ वा बी वाचा. ६:१ ले काय आहे, कोनी अपराधात सापडला तं जे आत्मिक आहे त्याईनं सौम्यपनानं त्याले ठिकानावर आनावं. आत्मिक मानसाचं काम हे आहे, म्हंजे ज्याची लढाई हारून रायली त्याले उचलनं. त्याले "तुह्यात आत्मा नाई" म्हननं नाई. मंग ६:८, देहासाठी पेरतो त्याले देहापासून नाश, आत्म्यासाठी पेरतो त्याले सार्वकालिक जीवन. आता हे वचन आपल्याकडे कायले वापरते ते सगळ्याले मालूम आहे, दानाच्या थैलीच्या वक्ती! खरं तं ६:६ ले शिक्षकाले वाटा द्या असं आहे, तेवढं मान्य, सेवकाचं बी पोट आहे. पन ९ न् १० वाचलं तं तो चांगलं करत रायाचं म्हनते, खचू नोका म्हनते, सगळ्याचं बरं करा, त्यातल्या त्यात विश्वासाच्या घरान्याचं. पेरलं न् दुसऱ्या दिवशी उगवलं असं पौलाले बी वाटत नोतं, "यथाकाळी" म्हनते तो. आपन कास्तकार, आपल्याले हे समजावून सांगा लागते का.

विजयी_जीवन

ठीक आहे, ८:१३ मला मान्य आहे, ठार मारत राहायचं आहे. वेस्लीचं ते राहतं पण राज्य करत नाही हे पण चालेल मला. पण १ योहान ३:९ चं काय करता? जो देवापासून जन्मला तो पाप करत नाही, त्याला पाप करताच येत नाही. हे पुसायचं का?

निवृत्त_मास्तर_यवतमाळ

पुसायचं नाही. त्याच पत्रात १:८ पण आहे, आमच्यात पाप नाही असं म्हटलं तर आपण स्वतःला फसवतो. दोन्ही एकाच हाताने लिहिलंय आणि एकाच मंडळीला, म्हणून एक ओढून दुसरं झाकता येत नाही. बहुतेक जण ३:९ चा अर्थ असा लावतात की पापात मुरून राहणं, तेच आयुष्य करून घेणं, हे त्याला जमत नाही. मला तरी ते पटतं. पण मी अजून पुढं जाईन. योहान स्वतः थांबत नाही तिथं. ३:१० ला सांगतो, जो आपल्या भावावर प्रीती करत नाही तो देवाचा नाही. ३:१५ ला, जो भावाचा द्वेष करतो तो खुनी. ३:१७ ला, ज्याच्याजवळ संसाराची साधनं आहेत आणि गरजेतला भाऊ दिसत असून जो मन कठोर करतो त्याच्यात देवाची प्रीती कशी राहील. कोणतं पाप त्याच्या डोळ्यापुढं आहे ते तोच सांगतो.

तुम्ही संदेश देता असं दिसतं, बोलायची पद्धत आहे तुमची. पुढच्या वेळी ३:९ घ्या आणि १७ पर्यंत न थांबता घ्या. कुठं आहे ते कळवा, मी ऐकायला येतो, यवतमाळहून एसटी मिळते सगळीकडं, आणि आता पंचाहत्तरीमुळे तिकीटही लागत नाही.